पोर्टेबल टाइपरायटरची कॅरेज पुढे सरकत नाही? पेचकस उचलण्याआधी ती कुठे अडकते ते पाहा

इंदुरात अटालेवाल्याकडून (भंगारवाल्याकडून), बंद पडलेल्या टायपिंग इन्स्टिट्यूटच्या आवराआवरीतून किंवा कुणाच्या माळ्यावरून स्वस्तात मिळणाऱ्या पोर्टेबल मशीनमध्ये सगळ्यांत जास्त वेळा दिसणारा बिघाड हाच. रेमिंग्टन असो, ब्रदर असो, ऑलिवेट्टी लेटेरा किंवा ऑलिंपिया, नाव बदलतं, तक्रार तीच. अक्षर उमटतं, पण कॅरेज (रोलर आणि कागद घेऊन सरकणारा वरचा भाग) पुढे जात नाही आणि पुढचं अक्षर त्याच जागी चढतं. विकणारा म्हणतो, "स्प्रिंग गेली, बाकी चकाचक." बहुतेक वेळा स्प्रिंग गेलेली नसते. लॉक, मळ, वाळलेलं तेल किंवा सुटलेली दोरी, यांतलं काहीतरी एक असतं आणि त्यासाठी मशीन फारसं खोलावंही लागत नाही.

म्हणून आधी कॅरेज कुठे आणि केव्हा अडकते ते कागदावर लिहून काढा. निम्मं निदान तिथेच होतं.

लक्षणं

कॅरेज जागची हलतच नाही, हाताने ढकललं तरी नाही: लॉक, मार्जिन किंवा मध्ये काहीतरी अडकलेलं.

हाताने (कॅरेज मोकळी करणारा रिलीज लिव्हर दाबून) सहज हलते, पण टाइप करताना हलत नाही: दोरी सुटली आहे, नाहीतर स्प्रिंगमध्ये ताण नाही.

ओळीच्या सुरुवातीला ठीक, शेवटी शेवटी मंद होते: स्प्रिंगचा ताण कमी, नाहीतर रुळावर मळ. टाइप करताना कॅरेज उजवीकडून डावीकडे जाते, म्हणजे ओळीच्या शेवटी ती पार डावीकडे असते आणि तिथे स्प्रिंग सर्वांत कमी गुंडाळलेली असते. कमकुवत ताण आधी तिथेच उघडा पडतो.

दर ओळीत अगदी एकाच जागी अडते: मार्जिनचा स्टॉप, टॅबचा स्टॉप, पडलेली टाचणी किंवा वाकलेला भाग.

ठरावीक अक्षरानंतरच अडते: त्या अक्षराची काडी (टाइपबार) नीट परत येत नाही.

स्पेसबारवर चालते, अक्षरांवर नाही: सेगमेंटमध्ये (काड्या बसतात त्या खाचांच्या भागात) मळ, किंवा काडीचा धक्का युनिव्हर्सल बारपर्यंत (सेगमेंटमागची, कॅरेज सोडवणारी पट्टी) पोहोचत नाही.

कुठेही, केव्हाही, मनाला येईल तशी अडते. सकाळी जास्त, दुपारी कमी: तेल घट्ट झालंय.

आणि एक खोटी तक्रार. देवनागरी मशीनवर मात्रा, अनुस्वार, उकार अशा काही बटणांवर कॅरेज मुद्दामच पुढे जात नाही. खूण अक्षराच्या वर किंवा खाली त्याच जागी बसावी म्हणून ती बटणं तशीच बनवलेली असतात. फ्रेंच, जर्मन मशीनवर स्वरांवरच्या खुणांची बटणंही अशीच. इंग्रजी मशीनची सवय असलेला माणूस पहिलं हिंदी रेमिंग्टन घरी आणतो आणि चार बटणं "खराब" म्हणून खोलायला बसतो. स्पेसबार आणि मूळ व्यंजनांवर कॅरेज चालत असेल, तर काहीही खोलू नका.

तीन चाचण्या, हत्याराशिवाय

पहिली: रिलीज लिव्हर दाबून धरा (रोलरच्या टोकाच्या नॉबजवळ असतो, पुष्कळ मशीनवर दोन्ही बाजूंना) आणि कॅरेज या टोकापासून त्या टोकापर्यंत अगदी सावकाश न्या. हाताला कुठे खरखर लागते, कुठे जड होते, ते जाणवलं पाहिजे. डावीकडे नेताना स्प्रिंगचीही ओढ लागली पाहिजे. ओढ मुळीच नसेल तर थेट दोरीच्या भागाकडे जा.

दुसरी: एका हाताने स्पेसबार दाबत राहा आणि दुसऱ्या हाताच्या बोटाने कॅरेजला डावीकडे अगदी हलका आधार द्या. आधार दिल्यावर नीट चालली, तर यंत्रणा शाबूत आहे आणि फक्त जोर कमी पडतोय. आधार देऊनही चालली नाही, तर एस्केपमेंट (कॅरेजला एकेक घर पुढे सोडणारी यंत्रणा) अडकली आहे. सबंध लेखातली सर्वांत उपयोगी चाचणी हीच. मशीन विकत घेतानाही करून पाहावी.

तिसरी: एखादी काडी हाताने अर्धी वर उचला आणि सोडा. टपकन खाली पडली पाहिजे. तरंगत, आळोखेपिळोखे देत खाली आली तर सेगमेंट चिकट आहे. सगळ्या काड्यांवर करा, कारण मळ एकसारखा नसतो. मधल्या काड्यांवर तो सर्वांत जास्त सापडतो; खोडरबराचा चुरा तिथेच पडतो.

फुकटात होणाऱ्या तपासण्या

*कॅरेज लॉक.* प्रवासात कॅरेज हलू नये म्हणून पुष्कळ पोर्टेबलमध्ये लॉक असतं. काहींत कॅरेजच्या टोकाला छोटा लिव्हर, काहींत शरीराच्या बाजूला खटका, काहींत कॅरेज मध्यावर आणून दाबायची पट्टी. कॅरेज बरोबर मध्यावर गच्च बसली असेल तर पहिला संशय लॉकवर घ्या. जोर लावून "सोडवू" नका. लॉकचं टोक पातळ पत्र्याचं असतं, ते वाकलं की पुढे नको तेव्हा अडायला लागतं.

*मार्जिन.* उजव्या मार्जिनला पोहोचल्यावर बटणं बंद होणं हा मशीनचा गुण आहे. त्याच्या काही अक्षरं आधी घंटी वाजते. मागच्या मालकाने मार्जिन अगदी जवळजवळ लावून ठेवले असतील, तर कॅरेज जेमतेम दोन-तीन इंच चालते आणि बिघाड वाटतो. दोन्ही स्टॉप टोकाला सरकवा, मार्जिन रिलीज दाबून पाहा. टॅब असेल तर सगळे टॅब काढून टाका. टॅबचं बटण किंवा त्याची पट्टी अर्धवट खाली राहिली असेल, तर कॅरेज लावलेल्या प्रत्येक टॅबला ठेचकाळते.

*रिबन काढून टाका.* हे पुष्कळांना सुचत नाही. प्रत्येक बटणाला काडी उचलणं, रिबन उचलणं आणि स्पूल फिरवणं अशी तीन कामं एकाच दाबात करायची असतात. रिबन संपून स्पूल उलटा फिरला नाही, किंवा चुकीच्या मापाचा स्पूल बसवून त्यात रिबन आवळली गेली, की बटण पूर्ण खाली जात नाही. काडी रोलरपर्यंत पोहोचते खरी, पण शेवटच्या टप्प्यात युनिव्हर्सल बारला जो धक्का बसायला हवा तो बसत नाही. रिबन काढल्यावर कॅरेज सुरळीत चालली तर बिघाड रिबनमध्ये आहे. अर्धा इंच रुंदीची, नीट गुंडाळलेली नवी रिबन घाला आणि उलटण्याचा खटका साफ करा.

*टच कंट्रोल.* बटणांचा दाब हलका-जड करायचा हा खटका असेल तर मधल्या आकड्यावर आणा. अगदी हलक्यावर ठेवला तर बटणाला परत यायला जोर राहत नाही, आणि कॅरेजचं पाऊल पूर्ण होतं ते बटण परत आल्यावरच.

*काय घासतंय ते शोधा.* कॅरेज हाताने हळू सरकवत डोळा तिच्या पातळीला आणा. रिबनचं वरचं झाकण नीट बसलेलं नाही, कागद धरणारी पट्टी वाकली आहे, परत आणायचा लिव्हर दुमडलेलाच राहून झाकणाला लागतोय, अशा क्षुल्लक गोष्टी निघतात. ऑलिंपिया एसएम मालिकेत शरीराचा पत्रा रबरी बुशांवर बसवलेला असतो. इतक्या वर्षांत ते रबर चपटं होतं, पत्रा खाली-मागे बसतो आणि कॅरेज त्याच्यावर घासते. पत्र्यावर रंग उडालेली लांब रेघ दिसली की समजा. बुशच्या जागी योग्य जाडीचे रबरी वॉशर घातले की काम होतं. सियागंजात हार्डवेअरच्या दुकानात जुना बुश दाखवून माप जुळवून घ्या.

कॅपिटल अक्षरांतच अडत असेल तर तुमच्या मशीनची शिफ्ट कशी आहे ते पाहा. ऑलिंपिया एसएम ३ किंवा हर्मिस बेबीमध्ये शिफ्टने अख्खी कॅरेज वर उचलली जाते, म्हणून ती वर असताना कुठे घासते ते तपासायचं. लेटेरा २२ आणि ३२ मध्ये कॅरेज जागीच राहते, काड्यांची टोपली खाली जाते. तिथे दोष टोपलीच्या बाजूला शोधायचा.

*टॉर्च आणि चिमटा.* मशीन उलटं करून हलकेच हलवा. टाचण्या, यू-पिना, स्टेपलरच्या पिना, वाळलेले व्हाइटनरचे पापुद्रे, खोडरबराचा चुरा. ऑफिसात वापरलेल्या मशीनमध्ये यांतलं एक तरी निघतंच. कॅरेजच्या दातेरी पट्टीत अडकलेली पिन दर ओळीत त्याच जागी कॅरेज थांबवते.

सफाई: खर्च थोडा, गुण सर्वांत जास्त

इथे सावकाश जा, कारण निम्म्याहून अधिक मशीन याच टप्प्यावर सुधारतात आणि बिघडवली जातात तीही याच टप्प्यावर.

मूळ कारण तेल. घरोघरी मशीनला जे हाताशी होतं ते तेल घातलं गेलं. खोबरेल तेल साधारण २४ अंशांच्या खाली गोठतं आणि इंदुरात जानेवारीची पहाट १० अंशांच्या आसपास असते. हिवाळ्यात सकाळी जड पडून दुपारी उन्हात ठेवल्यावर "आपोआप बरं" होणारं मशीन बहुधा खोबरेलवालं असतं. सरसों किंवा जवसाचं तेल त्याहून वाईट: ते हवेत वाळून पिवळट वार्निश होतं आणि उन्हानेही वितळत नाही. त्यावर माळव्याच्या काळ्या मातीची बारीक धूळ बसली की लेपच तयार होतो. नवं तेल ओतून हा लेप निघत नाही. चार दिवस मशीन हलकं वाटतं, मग पूर्वीपेक्षा जड होतं. म्हणून क्रम कायम हाच: आधी मळ विरघळवायचा, पुसायचा, वाळू द्यायचं, तेल शेवटी आणि थेंबाच्या अंशाएवढंच.

काय लागेल: ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल (मोबाइल दुरुस्तीचं सामान विकणाऱ्या दुकानांत मिळतं, जेल रोडच्या बाजूला पाहा) किंवा लायटरचं इंधन, रंगाच्या दुकानातलं मिनरल टर्पेंटाइन, जुना टूथब्रश, बारीक रंगाचा ब्रश, ५ मिलीची सिरिंज, सुती चिंध्या, शिलाई मशीनचं तेल, एक जाड सुई. मेडिकलमधलं ७० टक्क्यांचं अल्कोहोल घेऊ नका, त्यातल्या पाण्याने गंज चढतो. पंपावरचं पेट्रोल नको: आगीचा धोका मोठा, शिवाय रबर आणि रंग दोन्हींची वाट. थिनर आणि अ‍ॅसिटोन तर मुळीच नको, प्लॅस्टिकची बटणं क्षणात पांढरी पडतात. रॉकेलने मळ सुटतो, पण मागे तेलकट थर राहतो आणि धूळ परत येते. वापरलंच तर नंतर अल्कोहोलचा हात द्या. अल्कोहोल काही जुन्या रंगांवर आणि सोनेरी अक्षरांवर डाग पाडतं, म्हणून आधी मागच्या कोपऱ्यात थेंब टाकून पाहा.

हे सगळं पेटणारं आहे. खिडकी उघडी, गॅस बंद, देवघरातला दिवा दूर. गॅलरी किंवा अंगण उत्तम.

*सेगमेंट.* काड्या ज्या खाचांत बसतात तो अर्धगोल लोखंडी भाग म्हणजे सेगमेंट. मशीनखाली जुना टॉवेल घाला, रोलरवर प्लॅस्टिक झाका. ब्रश द्रवात बुडवून खाचांच्या बाजूने घासा आणि लगेच प्रत्येक काडी दहा-पंधरा वेळा वर-खाली करा. हलवल्याशिवाय मळ आतून बाहेर येत नाही. काळं पाणी खाली गळेल, ते पुसा, पुन्हा करा. दोन-तीन फेऱ्या लागतातच. पहिल्या फेरीनंतर सगळं सुरळीत झाल्यासारखं वाटतं. द्रव वाळला की उरलेला मळ परत घट्ट होतो, म्हणून निकाल दुसऱ्या दिवशी पाहायचा.

सेगमेंटमध्ये तेल घालायचं नाही. एक थेंबही नाही. खाच आणि काडी यांच्यातली फट इतकी बारीक असते की तिथलं तेल फक्त धूळ धरून ठेवतं. "सगळीकडे तेल मारलंय" असं सांगून विकलेलं मशीन हाती आलं तर हीच सफाई पहिली.

डब्यातल्या गंज सोडवणाऱ्या स्प्रेबद्दल: तो द्रावक म्हणून काम करतो, म्हणून पाच मिनिटं चमत्कार वाटतो. पण तो लांबवर उडतो, रोलर आणि रिबनवर जातो, आणि मागे उरतो तो थर पुन्हा चिकट होतो. गंजलेल्या स्क्रूसाठी ठेवा. मशीनच्या आत फवारू नका.

*रूळ आणि दातेरी पट्टी.* कॅरेज एका टोकाला नेली की रुळाचा मोकळा भाग दिसतो. आइस्क्रीमच्या काडीला चिंधी गुंडाळून, द्रवात भिजवून पुसा. मग कॅरेज दुसऱ्या टोकाला, परत तेच. चिंधी स्वच्छ निघेपर्यंत. खालची दातेरी पट्टी टूथब्रशने, दातांच्या आडव्या दिशेने. वाळल्यावर रुळावर शिलाई मशीनच्या तेलाचं बोट फिरवा आणि कोरड्या चिंधीने बहुतेक पुसून टाका. बोटाला जेमतेम ओशट लागेल एवढंच राहू द्या. दातेरी पट्टी कोरडीच.

*एस्केपमेंट.* मागच्या बाजूने किंवा खालून पाहिलंत तर कॅरेजच्या पट्टीला भिडलेलं छोटं चाक आणि त्याच अक्षावर एक दातेरी चाक दिसेल. त्या दातांना दोन खटके आळीपाळीने धरतात. इंग्रजी पुस्तिकांत त्यांना डॉग म्हणतात. एक पक्का, एक सैल. किल्लीच्या जुन्या घड्याळात चाक जसं एकेका दाताने सुटतं तसंच हे. काडी वर जाताना युनिव्हर्सल बारला ढकलते, खटके सरकतात, आणि बटण परत येताना चाक एक दात पुढे सुटतं. पायका (मोठ्या अक्षरांच्या) मशीनवर हे पाऊल २.५४ मिमी, म्हणजे इंचाला १० अक्षरं. एलीटवर (बारीक अक्षरांच्या) इंचाला १२.

सैल खटका चिकट तेलाने मंदावला की हे सगळं बिघडतं. कधी कॅरेज अडते, कधी दोन घरं उडी मारते. तक्रारी दोन, कारण एकच. सिरिंजने दातेरी चाकावर आणि खटक्यांवर दोन-तीन थेंब सोडा आणि स्पेसबार पन्नासेक वेळा दाबा, मग परत. थेंब म्हणजे थेंबच, आंघोळ नको. वाळल्यावर सुईच्या टोकावर जेवढं राहील तेवढं तेल चाकाच्या अक्षावर. दातांवर आणि खटक्यांच्या टोकांवर तेल नको. तिथे एक केसासारखी बारीक स्प्रिंग असते. चिमटा, टूथब्रश किंवा कुतूहल, तिन्ही तिच्यापासून लांब ठेवा.

*युनिव्हर्सल बारची परीक्षा.* अक्षरांवर कॅरेज चालत नाही पण स्पेसबारवर चालते, आणि सेगमेंटही साफ झालाय, तर सेगमेंटमागचा युनिव्हर्सल बार पेन्सिलीच्या टोकाने मागे ढकलून सोडा. कॅरेज एक घर सरकली, तर बार आणि एस्केपमेंट ठीक आहेत आणि काडीच त्याला पुरती पोहोचत नाही. एखादंच अक्षर दगा देत असेल तर त्याची काडी शेजारच्या काडीला घासते का ते पाहा. किंचित वाकलेली काडी बोटांनी सरळ करायचा मोह होतो. करू नका, अक्षरांची ओळ तिरकी होते आणि ती परत जुळवणं या सबंध दुरुस्तीपेक्षा कठीण असतं.

दोरी आणि स्प्रिंग: हत्यार लागतं, धीर त्याहून जास्त

कॅरेजला ओढणारी स्प्रिंग मशीनच्या मागे डावीकडे एका गोल ड्रममध्ये गुंडाळलेली असते. ड्रमवरून निघालेली दोरी (काहींत कापडी पट्टी, काहींत पोलादी पट्टी किंवा तार) कॅरेजच्या उजव्या टोकाला अडकवलेली असते. तुम्ही कॅरेज उजवीकडे आणता तेव्हा स्प्रिंगला चावी बसते, आणि टाइप करताना तोच जोर सुटत जातो.

मागचा पत्रा काढा. स्क्रू लांबीने वेगवेगळे असतात, म्हणून निघतील त्या क्रमाने पुठ्ठ्यावर टोचून ठेवा आणि प्रत्येक टप्प्यावर मोबाइलने फोटो घ्या.

दोरी नुसती हुकातून निसटली असेल तर काम सोपं आहे. पेपरक्लिप उलगडून हूक करा, दोरीचं टोक पकडा आणि ओढून जागेवर अडकवा. ओढताना दुसऱ्या हाताने कॅरेज धरून ठेवा.

तुटली असेल तर नवी. मच्छीमारीची विणलेली दोरी उत्तम. नाहीतर मोच्याकडचा मेण लावलेला नायलॉन धागा चालतो. जाडी जुन्या दोरीएवढी. काचेसारखी एकधागी नायलॉन नको, ती ताणली जाते आणि गाठीतून निसटते. अर्धा मीटर घ्या, जास्तीची नंतर कापता येते. कॅरेज पार उजवीकडे असतानाही ड्रमवर थोडी दोरी गुंडाळलेली उरली पाहिजे, एवढी लांबी ठेवा. टोकाला दुहेरी गाठ, गाठीवर फेव्हिक्विकचा बारीक ठिपका. तो ड्रमवर सांडू देऊ नका.

दोरी मूळ वाटेनेच न्या. टॅबच्या स्टॉपवरून घासत गेली तर महिन्याभरात परत तुटते. जुनी दोरी सापडली तर काढण्याआधी तिची वाट फोटोत घ्या. सापडली नाही तर पत्र्यावरच्या घासल्याच्या खुणा वाट सांगतात.

ताण असा द्यायचा: कॅरेज पार डावीकडे आणा. ड्रमवरून दोरी सुटेल अशा दिशेने, म्हणजे स्प्रिंगचा विरोध जाणवेल त्या बाजूला, तीन फेरे द्या आणि अंगठ्याने धरून ठेवा. दोरी अडकवा. आता कॅरेज उजव्या टोकापर्यंत जाते का ते पाहा. मध्येच कडक होऊन थांबली तर स्प्रिंग पूर्ण आवळली गेली आहे. एक फेरा कमी करा, तिथे जोर लावलात तर स्प्रिंग तुटेल. मग अख्खी ओळ स्पेसबारने टाइप करा, शेवटची पाच-सहा घरं मुद्दाम सावकाश. ती नीट सरकली की ताण पुरे. कमी पडला तर अर्धा फेरा वाढवा.

जास्त ताण म्हणजे जास्त चांगलं मशीन, ही समजूत फार पसरलेली आहे. ताण वाढवला की कॅरेज परत आणायला जड होते, दातेरी चाकावर मार बसतो आणि ती घरं उडवायला लागते. मळ काढण्याचा कंटाळा आला म्हणून ताण वाढवलेली मशीन बाजारात पुष्कळ फिरतात. तसं मशीन आलं तर आधी सफाई करा आणि मग ताण उतरवून पाहा.

काही मशीनमध्ये ड्रमशेजारी ताण कमी-जास्त करायचा दातेरी खटका असतो. तो पेचकसाने उचलताना ड्रम धरलेला नसेल तर सगळा ताण एका झटक्यात सुटतो आणि बोट फाटतं. हातमोजा घाला.

इथे थांबा, मिस्त्रीकडे जा

ड्रम फिरवून विरोध लागतच नसेल तर आत स्प्रिंग तुटली आहे किंवा आतल्या हुकातून सुटली आहे. ड्रम घरी उघडू नका. आवळलेली पोलादी पट्टी डोळ्यापर्यंत उडते.

कॅरेज पूर्ण काढावी लागेल असं वाटलं की थांबा. रुळांत बारीक छर्रे असतात; कॅरेज निघताच ते जमिनीवर जातात, आणि परत बसवताना जागा व अंतर चुकलं तर कॅरेज कधीच पूर्वीसारखी चालत नाही. सैल खटक्याची स्प्रिंग निघाली, चाकाचे दात झिजले, दातेरी पट्टी वाकली, सेगमेंटचे स्क्रू सोडावे लागणार, पावसाळ्यात भिजून रूळ गंजाने खवले पडलेत: ही सगळी घरची कामं नव्हेत. दोन पूर्ण सफाया, मध्ये एक दिवस सोडून, करूनही फरक पडला नाही तर तिसरी करू नका. मळ हे कारण नाही.

मिस्त्री शोधायचा तर एम.जी. रोडवर कोर्टाच्या आसपास टाइपिंगचं काम करणाऱ्यांना विचारा. मशीन कोण सांभाळतं हे त्यांना माहीत असतं. दुरुस्तीचा अंदाज मशीनच्या किमतीपुढे गेला तर हिशेब वेगळा: सहज मिळणाऱ्या ब्रदर किंवा सिल्व्हर रीडसाठी दुसरं बिघडलेलं मशीन सुट्या भागांना घेणं स्वस्त पडतं. देवनागरी कीबोर्डच्या पोर्टेबलवर मात्र खर्च करावा, तसं दुसरं लवकर सापडत नाही.

नेताना कॅरेज मध्यावर आणून लॉक करा. लॉक बिघडलेलं असेल तर रोलरच्या दोन्ही टोकांवरून शरीराभोवती सुती पट्टी बांधा. निघालेले स्क्रू आणि तुटकी दोरीसुद्धा पुडीत घालून सोबत द्या. सुरुवातीला लिहून काढलेला कागद (कुठे अडते, कोणत्या अक्षरावर, आधार दिल्यावर चालते की नाही) मशीनवर चिकटवा. आणि आधीच स्पष्ट सांगा: फक्त कॅरेज, रंग आणि रोलरला हात लावायचा नाही, तेल सगळीकडे मारायचं नाही.